दादर थंडीवर येते, पण ओलीवर जगते



डिसेंबरचा दुसरा पंधरवडा म्हणजे आपल्याकडचे वर्षातले सर्वांत लहान दिवस. २१-२२ डिसेंबरला बोदवडच्या शिवारात दिवस अकरा तासांचासुद्धा भरत नाही, रात्र तेरा तासांवर जाते. कापूस वेचणाऱ्या बायांना हे पंचांगात पाहावे लागत नाही. सकाळी दहिवर सुकेपर्यंत वेचणीला हात घालता येत नाही आणि पाच वाजले की सावल्या लांबतात. वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणून दिवस आखूड झाला की बाईची मजुरीही आखूड होते.

दिवस लहान होतो तेव्हाच शेतकऱ्याच्या घरातल्या अडचणी मोठ्या होतात. कपाशीच्या दोन वेचण्या घरात आलेल्या असतात, तिसरीत कवडीच जास्त. खेडा खरेदीवाला दारात काटा घेऊन उभा असतो आणि रोज शंभर-दोनशे रुपये कमीच सांगतो. कृषी केंद्राची उधारी दिवाळीपासून थकलेली असते. सोसायटीचे कर्ज ३१ मार्चच्या आत भरायचे असते. पौष संपला की लग्नाची बोलणी सुरू होतात. अशा दिवसांत आम्ही गावोगाव बैठकीला जातो आणि सगळीकडे एकच प्रश्न येतो: "भाऊ, काही आशा आहे का?"

या प्रश्नाला सभेत उत्तर देणे फार सोपे आहे. मूठ वर करून चार वाक्ये बोलली की टाळ्या पडतात. पण टाळ्या वाजवणारा माणूस रात्री घरी जाऊन कापसाच्या गंजीशेजारी झोपतो, तेव्हा ती चार वाक्ये त्याच्या कामाला येतात की नाही, हे आम्ही कधी तपासले आहे काय? आज तेच तपासायचे आहे, आणि सुरुवात आमच्यापासूनच करतो.

आमची चूक

२०२१-२२ च्या हंगामात कापसाने दहा हजारांचा आकडा ओलांडला. ज्यांनी डिसेंबरात विकला ते हळहळले, ज्यांनी उन्हाळ्यापर्यंत ठेवला त्यांनी पैसा पाहिला. पुढच्या वर्षी, म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये, भाव आठ हजारांच्या आसपास होता. लांब धाग्याचा हमीभाव होता ६,३८० रुपये. तरी खान्देशात कापूस घराबाहेर निघेना. प्रत्येकाच्या डोक्यात मागच्या वर्षीचा दहा हजार बसला होता. आणि "घाई करू नका, थांबा, भाव येईल" असे सांगणाऱ्यांत आम्हीही होतो. भाव आला नाही. जून २०२३ उजाडला, पेरणीला बियाणे घ्यायचे होते, आणि तोच कापूस सात हजारांच्या आसपास, कुठे त्याच्याही खाली, विकावा लागला. सहा महिने घरात राहिल्याने वजन घटले ते वेगळेच. अंगाला खाज सुटून पोरेबाळे ओसरीवर झोपली, तेही सर्वांनी पाहिले.

त्या वर्षी नुकसान झालेल्या एका शेतकऱ्याला आम्ही पावसाळ्यात भेटलो. तो रागावेल असे वाटले होते. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "भाऊ, भाव कमी भेटला ते सोसलं. पन तुम्ही सांगतलं म्हनून थांबलो, अन् मंग तुम्ही आलेच नही."

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो, काही वर्षे शिफारशींची पत्रके वाटली आणि मग चळवळीत आलो. इतक्या वर्षांत आम्हाला कोणी इतके नेमके बोल लावले नव्हते. भावाचा अंदाज चुकणे हा काही गुन्हा नाही. भल्याभल्या व्यापाऱ्यांचा चुकतो. पण आशा दाखवायची आणि अंधार पडला की तिकडे फिरकायचे नाही, हा गुन्हाच आहे. पुढारी तो करतात म्हणून आपण त्यांना बोलतो. त्या वर्षी तो आम्हीही केला.

तेव्हापासून आमच्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. वाट पाहणे म्हणजे आशा नव्हे. आशा धरायची तर तिच्यासाठी तजवीज करावी लागते, आणि तजवीज एकट्याने होत नाही.

फरदडीची आशा

वाट पाहण्याची आणखी एक सवय आपल्या शेतात उभी आहे. तिचे नाव फरदड. डिसेंबर संपत आला, कपाशी लाल पडली, तरी मन उपटू देत नाही. "एक पाणी देऊ, चार बोंडे आणखी येतील." ज्याच्याकडे विहिरीचे थोडे पाणी आहे तो ते हरभऱ्याला न देता कपाशीला देतो. ज्याच्याकडे पाणी नाही तो नुसतीच उभी ठेवतो.

त्या उशिराच्या बोंडात काय चालते, ते समजून घ्या. गुलाबी बोंडअळीलाही दिवस लहान झाल्याचे कळते. दिवस आखूड आणि थंडी पडू लागली की तिची शेवटची पिढी कोषात न जाता सुप्तावस्थेत जाते. दोन सरक्या जोडून त्यांच्या आत, वाळलेल्या बोंडात, पऱ्हाटीच्या ढिगात ती महिनोन्‌महिने पडून राहते आणि पुढचा पावसाळा लागला की पतंग होऊन बाहेर येते. २०१७ साली महाराष्ट्रात या अळीने जो हाहाकार केला तो अजून कोणी विसरलेले नाही. फरदड ठेवणारा शेतकरी चार बोंडांच्या आशेने आपल्याच शत्रूला हिवाळाभर ऊब आणि अन्न पुरवतो. शिवाय तोटा त्याच्या एकट्याचा राहत नाही, साऱ्या शिवाराचा होतो.

सरकारी घोषणांचेही असेच. बोदवड उपसा सिंचनाचे पाणी येणार, येणार, असे ऐकत आपल्या भागातली एक पिढी म्हातारी झाली. कर्जमाफीच्या आशेने हप्ता थांबवायचा, मग थकबाकीदार म्हणून नवे कर्ज नाही, मग सावकार. हीसुद्धा फरदडच. माफी, पाणी, भाव हे आपण मागितलेच पाहिजे, भांडून मागितले पाहिजे. पण मागणी करणे वेगळे आणि त्या भरवशावर घर चालवणे वेगळे.

दादरचे गणित

मग खरी आशा कशी असते? आमच्या शिक्षणात ते कुठल्या धड्यात नव्हते. ते शेतातच पाहायला मिळाले. याच दिवसांत बांधावर जाऊन दादर ज्वारीकडे नीट पाहा.

पाऊस गेलेला असतो. आता जूनपर्यंत आभाळातून काही येईल याचा भरवसा नाही. ऊन कोवळे, रात्र लांब, थंडी वाढत चाललेली. या सगळ्यात दादर मात्र पोटऱ्यात येते, निसवते आणि फुलोऱ्यावर येते. ज्वारी हे मुळातच लहान दिवसाचे पीक आहे. जुन्या वाणांत हा गुण ठळक दिसतो. दिवस मोठे असतात तोवर ते ताट आणि पाने वाढवत राहतात, रात्र पुरेशी लांब होऊ लागली की कोंबाच्या टोकाशी कणसाची घडण सुरू होते. म्हणजे ज्या अंधाराला आपण कंटाळतो, त्याच अंधाराची खूण ओळखून हे पीक दाण्याच्या कामाला लागते.

इथे थांबलो तर कीर्तन होईल, शेती होणार नाही. नुसत्या लांब रात्रीने कणीस भरत नाही. मुरमाड जमिनीत तीच रात्र, तीच थंडी असते आणि ज्वारी गुडघ्याएवढी राहून वाळते. फरक ओलीचा असतो. मीटरभर खोल काळ्या जमिनीच्या पोटात पिकाला घेता येईल असे दीड-दोनशे मिलिमीटर पाणी साठून राहते. दादर त्या साठ्यावर जगते. वरची माती कोरडी पडत जाते तशी तिची मुळे खाली उतरतात.

तो साठाही आपोआप टिकत नाही. काळी जमीन सुकली की भेगाळते आणि भेगांतून पोटातली ओल उडून जाते. म्हणून तिसऱ्या आठवड्यात फटीचे कोळपे, पाचव्या आठवड्यात पासेचे आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळपे चालवायचे. तण निघते, भेगा बुजतात, वर भुसभुशीत मातीचा थर राहतो. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आपले म्हातारे म्हणत ते याच हिशेबाने. कोळपे पाणी आणून देत नाही. असलेले पाणी उडू देत नाही.

आमच्या मते शेतकऱ्याच्या आशेचे गणित हेच आहे. डिसेंबरात नवा पाऊस पाडणे कोणाच्या हातात नाही. भाव न्यूयॉर्कच्या वायद्यांवर आणि दिल्लीच्या आदेशांवर हलतो. २०२५ सालचेच पाहा. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये जाहीर झाला, आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले गेले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. म्हणजे आपला कापूस बाजारात येण्याचे नेमके महिने. एका हाताने भाव जाहीर करायचा आणि दुसऱ्या हाताने तो पाडायचा, ही जुनीच रीत. तिच्याविरुद्ध लढावे लागेल आणि ती लढाई लांबची आहे. पण लढाई चालू असताना घराच्या भेगांतून काय उडून जाते, तिकडे लक्ष देणे आपल्या हातात आहे.

फैजपूरचा डिसेंबर

कोणी म्हणेल, भेगा बुजवून काय होणार? मोठे काम तर सरकारच्या हातात. त्यांना आपल्याच जिल्ह्यातल्या एका डिसेंबरची आठवण करून द्यावीशी वाटते.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. कापूस पिकवणारा खान्देश त्यात भरडून निघाला. भाव उतरले, पण सारा आणि सावकाराचे व्याज उतरले नाही. अशा काळात डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. काँग्रेसचे खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या इथल्याच माणसांनी ते उभे केले, साने गुरुजी त्यासाठी खेडोपाडी हिंडले. मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्या साध्या वस्तूंतून केली.

पण आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्याच वेळी फैजपूरला अखिल भारतीय किसान सभेचेही दुसरे अधिवेशन भरले, प्राध्यापक एन. जी. रंगा अध्यक्ष होते. त्यासाठी पाचशे शेतकरी मनमाडहून फैजपूरपर्यंत पायी आले. वाटेतल्या गावांना आपल्या मागण्या समजावत त्यांनी दोनशेहून अधिक मैल तुडवले. मनमाडहून फैजपूरला सरळ वाटेने इतके अंतर नाही. ते गावागावांतून वळणे घेत आले. दिवस तेव्हाही एवढेच लहान होते आणि थंडी एवढीच होती. हातात दहा हजारांचा भाव नव्हता, कोणी आश्वासन दिलेले नव्हते. होते ते एवढेच: एका गावाचा माणूस दुसऱ्या गावाला जाऊन सांगत होता की तू एकटा नाहीस.

फैजपूरच्या काँग्रेसने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. सारा आणि खंड कमी करा, न परवडणाऱ्या तुकड्यांना सूट द्या, कर्जवसुलीला तहकुबी द्या, अशा त्याच्या मागण्या. १९३९ मध्ये मुंबई प्रांतात शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याचा नीट अंमल व्हायला आणखी वर्षे गेली, आणि पुढे त्याच काँग्रेसच्या राज्यात शेतमालाच्या भावाचे काय झाले ते आपल्याला कोणी सांगायला नको. तरी मंदीच्या ऐन अंधारात ती माणसे घरी बसली असती, तर तेवढेही झाले नसते.

या पंधरवड्यात काय करायचे

पहिले काम, कपाशी उपटा. फरदड ठेवू नका. आधी मेंढ्या-बकऱ्या बसवा, उरलेली बोंडे त्यांना खाऊ द्या. पऱ्हाटी घराजवळ रचून ठेवू नका. तिचे तुकडे करून जमिनीत किंवा खतात घाला. हे काम साऱ्या शिवाराने एकाच आठवड्यात करायचे ठरवले तरच त्याचा उपयोग. म्हणून गावची बैठक घ्या.

दुसरे काम, कापूस सुकवा आणि निवडा. सरकारी खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर कपात नाही, त्यावर कपात आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस परत. शेतातली ओल आपला जीव वाचवते, पण गाडीतली ओल खिशातून जाते. दहिवर सुकल्यावरच वेचा, कवडी वेगळी ठेवा.

तिसरे काम, विकण्याचा हिशेब कागदावर मांडा. समजा आज भाव साडेसात हजार आहे आणि घरात शेकडा दोन रुपये महिन्याचे सावकारी कर्ज आहे. सहा महिने कापूस ठेवला तर क्विंटलमागे नऊशे रुपये व्याजातच गेले. म्हणजे भाव आठ हजार चारशेच्या वर गेला आणि वजनातली घट भरून निघाली, तर कुठे फायदा सुरू होणार. ज्याच्यावर असे कर्ज आहे त्याने तेवढ्यापुरता कापूस विकून आधी ते मिटवावे. ज्याच्यावर नाही त्याने टप्प्याटप्प्याने विकावा. सगळा आज नको आणि सगळा जूनमध्येही नको. तूर-हरभऱ्यासारख्या मालावर बाजार समितीच्या तारण योजनेत कर्ज मिळते, त्याची चौकशी माल घरात येण्याआधीच करा.

चौथे काम, दिवसा वीज. आपल्यातले काही जण विहिरीवर दोन पाणी देऊन हरभरा घेतात. त्यांच्या वाट्याला हिवाळ्याच्या रात्री येते ती वीज. पहाटे दोनला मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसाला साप, विंचू, थंडी आणि शॉक यांतले काय भेटेल सांगता येत नाही. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. आपल्या गावाची वाहिनी त्यात आहे की नाही, असेल तर दिवसा वीज कधीपासून, हे लेखी विचारा. कारखान्याच्या कामगाराला रात्रपाळीचा भत्ता असतो. शेतकऱ्याने फुकट रात्रपाळी का करावी?

पाचवे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याला पैसा लागत नाही. प्रत्येक गावात अशी दोन-चार घरे असतात की जिथला माणूस हल्ली पारावर येत नाही, बोलत नाही, जेवणात लक्ष नाही, रात्री जागा असतो. गावाला ते माहीत असते. नंतर "आम्हाला वाटलेच होते" असे म्हणण्यापेक्षा आधी जा. उपदेश करू नका. "हिंमत धर" म्हणून उठून येऊ नका. त्याच्या कर्जाचे कागद मागा, शेजारी बसून बेरीज करा, कोणते आधी फेडायचे, कोणाकडे मुदत मागायची ते ठरवा, आणि त्याच्याबरोबर बँकेत जा. घरातल्या बाईला त्या हिशेबात बसवा. कर्ज तिच्यापासून लपवलेले असते, आणि मागे राहिली तर फेडायचे तिलाच असते. माणूस फारच खचलेला दिसला तर त्याला एकटे सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, तो लावून द्या, दवाखान्यात न्या. घरातली फवारणीची औषधे कुलपात ठेवायला सांगा. डोक्यातला तो एक काळा तास टळला तर माणूस वाचतो.

उजेड कुठून परततो

शेवटी एक साधी गोष्ट. २२ डिसेंबरनंतर दिवस वाढू लागतो, पण कोणाला ते जाणवत नाही. थंडी तर त्यानंतरच जास्त पडते. सकाळी लवकर उठणाऱ्याला वाटते की दिवस अजून लहानच होतो आहे, आणि त्याचे म्हणणे खरे असते. आपल्याकडे सूर्योदय संक्रांतीपर्यंत थोडा थोडा उशिराच होत जातो. मग दिवस वाढतो कुठे? संध्याकाळी. सूर्यास्त नोव्हेंबरअखेरपासूनच पुढे सरकू लागलेला असतो. मिनिटा-मिनिटाने उजेड परततो तो दिवसाच्या त्या टोकाला, जेव्हा माणसे शेतातून घरी येतात आणि एकमेकांच्या ओट्यावर बसू शकतात.

ही संध्याकाळची वेळ आपण वापरू या. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना भाषण तयार करून आणू नका. गावातल्या किती शेतांतली कपाशी निघाली आणि किती घरी तुम्ही जाऊन आलात, एवढेच सांगा. आम्हीही तेच सांगणार आहोत. ज्या घरी आम्ही २०२३ मध्ये गेलो नव्हतो, त्या घरापासून आम्ही सुरुवात केली आहे.